व्याह्यांनी मुका केलेला जिना

माझे व्याही सुतार. दारावर टिचकी मारून आतलं लाकूड सांगणारा माणूस! विहीणबाई गेल्या, घर ओकंबोकं झालं, तेव्हा परदेशात नोकरी करणाऱ्या आमच्या जावईबापूंनी त्यांना तिकडेच राहायला नेलं. पाच महिने होतात न होतात तोच माझ्या मुलीचा फोन.

"बाबा, तुम्ही या. मामंजी गावी परत जायचं म्हणतात. एकटा राहीन, पण तिथेच राहीन म्हणतात."

"अगं, पण झालं काय?"

"काहीच होत नाही, तेच तर दुखणं आहे. बोलायला माणूस नाही. तीन आठवडे राहा, त्यांना रमवा. नाहीच रमले तर जाताना बरोबर घेऊन जा."

सत्तरी उलटल्यावर मी पहिल्यांदा विमानात बसलो. पट्टा लावता आला, सोडता येईना. विमान रिकामं झालं तरी मी आपला खुर्चीला बांधलेला! शेवटी तिथल्या बाईंनी मला सोडवलं. असो, सांगत होतो व्याह्यांचं.

जुनी इमारत, तिसरा मजला, वर जायला लाकडी जिना. व्याही खिडकीशी गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले. ज्या हातांना कधी उसंत नव्हती, ते हात नुसते ठेवलेले बघून मलाच कसंतरी झालं.

"व्याही, इथे दारसुद्धा खोक्यात भरून तयार मिळतं," ते म्हणाले. "सुताराने करायचं काय? ओळख करावी म्हणून बागेत बाकावर जाऊन बसलो. दुसऱ्या टोकाला एकजण येऊन बसला. तासभर दोघेही गप्प. मला भाषा येत नाही म्हणून मी गप्प. तो का गप्प होता?"

त्यांचं तिकीट माझ्याच विमानाचं काढून झालं होतं. जावईबापू वडिलांसमोर हसत, आणि स्वयंपाकघरात येऊन डोळे पुसत. एकुलता एक मुलगा. बाप गावात एकटा राहणार, या विचाराने त्याला घास गिळवत नव्हता.

आता पुढचा उद्योग माझ्यामुळे झाला, हे कबूल करतो. दुसऱ्याच दिवशी जिना चढताना मी म्हणालो, "अहो, या जिन्याचा काय हा आक्रोश! सुतार घरात असून?"

झालं. व्याह्यांचे हात शिवशिवायला लागले. पलंगाखालून हत्यारांची पेटी निघाली. आमच्याकडे करकरणारी पायरी दिसली तर कोणी परवानगी मागत बसत नाही, दुरुस्त करून मोकळा होतो. एकूण बावन्न पायऱ्या. व्याही पायरीवर हातोडी टेकवत, कान लावत, फटीत पाचर बसवत आणि वरून स्क्रू आवळत. मी स्क्रू पुरवायला. दोन दिवसांत जिना असा मुका केला, की वरून मांजर आलं काय आणि हत्ती आला काय, पत्ता लागू नये.

तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्याचं दार धाडकन उघडलं. आडदांड म्हातारा, काळा चष्मा, हातात काठी, चेहरा लालबुंद. तो मोठमोठ्याने बोलायला लागला. व्याह्यांनी हसून हात जोडले. "अहो राहू द्या, राहू द्या! शेजाऱ्याने एवढंही करू नये का?" तो आणखी ओरडला. व्याही आणखी वाकले.

आवाज ऐकून माझी मुलगी धावत खाली आली. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला.

"मामंजी, ते आभार मानत नाहीयेत."

म्हातारा निवृत्त बसचालक. दृष्टी गेली तेव्हापासून दाराशी खुर्ची टाकून बसायचा, आणि पायऱ्यांच्या करकरीवरून येणारंजाणारं माणूस ओळखायचा. वरची नर्स आली, की सातव्या पायरीवरच त्याला कळायचं, बाई आज थकली आहे. नावाने हाक मारायचा, दोन शब्द बोलायचा. आता दोन दिवस माणसं भुतासारखी पुढ्यातून जात होती. त्याला आधी वाटलं, सगळे आपल्याला टाळत आहेत; मग उमगलं, हे त्या ठोकाठोकीमुळे.

व्याही मटकन पायरीवर बसले. "तिकीट काढलंय तेच बरं. पाच महिन्यांत एक काम केलं, आणि एका माणसाचा आधार काढून घेतला."

त्या दिवशी जेवले नाहीत. सकाळी बघतो तर पेटी पुन्हा उघडलेली. "जायच्या आधी जिना होता तसा करून देतो."

पण काम बिघडवणं ही सोपी गोष्ट नाही, महाराज! पन्नास वर्षांत त्यांनी ते कधी केलंच नव्हतं. पाचर काढली, स्क्रू सैल केला, तर पायरी भलताच आवाज काढू लागली. ठोकाठोक ऐकून बसचालक बाहेर आला आणि खुर्ची ओढून कान देऊन बसला. नको असेल तर काठीचा एक ठोका, जमलं तर दोन.

"आता?"

ठक.

"बरं, आता?"

ठक.

"अहो, एवढं तर माझ्या वडिलांनीही कधी छळलं नाही!"

ठक!

चालून दाखवायला अर्थातच मी. आठवडाभर माझे गुडघे कामाला. सातव्या पायरीला सबंध एक दिवस गेला. शेवटी पटाशीने खालून कागदासारखी पातळ ढलपी काढली, मी पाय ठेवला, आणि ठक ठक! म्हातारा लहान मुलासारखा हसला.

मग त्याने माझ्या मुलीला काहीतरी विचारलं. ती म्हणाली, "मामंजी, ते विचारतात, हे सुतार रोज कुठून येतात?"

"कुठून म्हणजे? वरच राहतो. पाच महिने झाले."

बसचालकाचा विश्वासच बसेना. इमारतीत राहणारा माणूस आणि त्याला माहीत नाही? तेव्हा व्याह्यांनी कपाळावर हात मारला. सुतार जिना चढतो तो भिंतीच्या कडेने. तिथे फळीला आधार असतो, ती वाजत नाही. जन्माची सवय! पाच महिने हा गृहस्थ त्याच्या पुढ्यातून बिनआवाजाचा जात होता.

म्हाताऱ्याने काठीने पायरीच्या मधोमध ठोकून दाखवलं. इथून चाला. व्याही नव्या नवरीसारखे बिचकत मधून चढले. चार पायऱ्या वाजल्या. म्हाताऱ्याने मान कलती करून ऐकलं आणि छातीवर हात ठेवला.

"आता ओळखेन म्हणतात," मुलगी म्हणाली. व्याही तिथेच कठडा धरून उभे राहिले. 

त्यानंतर मला त्या घरात कोणी विचारेना. सकाळी खालून दोन ठोके, की व्याही पसार. दोघे बसने गावभर फिरायचे. न दिसणारा थांबे सांगायचा, दिसणारा उतरवायचा. एकाला दुसऱ्याची भाषा येत नाही, तरी मध्येच एकमेकांना तोडून बोलायचे!

माझ्या निघायच्या आदल्या दिवशी जावईबापूंनी वडिलांना भीत भीत विचारलं, "बाबा, तुमची बॅग भरायची ना?"

"कसली बॅग? ते तिकीट रद्द कर. खालच्यांच्या दाराची चौकट फुगलीय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "व्याही, तुम्ही व्हा पुढे."

"वा! न्यायला आलो मी, आणि परत मी एकटाच?" मी रागावून बघितलं, पण जावईबापूंचा चेहरा असा उजळला होता, की राग काही टिकला नाही.

मला पोचवायला दोघेही आले, बसनेच. वाटभर त्यांची बडबड. विमानतळ आलं तेव्हा कुठलासा वाद अगदी रंगात आला होता, म्हणून दोघे खाली उतरलेच नाहीत. खिडकीतून घाईघाईने हात हलवला आणि बसबरोबर पुढे गेले.