बाई काय म्हणत्यात?

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा एवढा भाग गाळूनच बोलते — आता देवालाच फसवायची सवय लागल्यावर माणसांचं काय घेऊन बसलात? तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या गल्लीत राहत नाही.

वडगावात आमच्या गल्लीत मला सगळे आक्का म्हणतात. घरात साड्या विणायचे दोन माग आहेत, पण माझी ओळख मागांमुळं नाही. माझं माहेर बैलहोंगलकडचं, शाळा सगळी कन्नडमधून झालेली. इथं कारभार कन्नडमधून चालतो, पण आजूबाजूला मराठी घरं. त्यामुळं शाळेचं काहीही निघालं की बायका माझ्या दारात. जातीचा दाखला कुठं मिळतो, बसच्या पासला काय लागतं, वसतिगृहात जागा कधी निघतात, स्कॉलरशिप खात्यात का आली नाही — सगळं मला तोंडपाठ. शाळेतून कुणाला बोलावणं आलं की मी सोबत जायची. बाई कन्नडमध्ये बोलायच्या, मी मराठीत सांगायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? हेडमास्तरांसमोर बसायला खुर्ची मिळायची.

सुनंदा आमच्या समोर भाड्यानं राहते. गुंजीकडच्या एका खेड्यातून आलेली, नवरा दुसऱ्याच्या मागावर कामाला. बाजारापुरतं कन्नड तिला येतं, त्यापुढं सगळा अंधार. तिची रेणुका सातवीपर्यंत मराठी शाळेत होती. आठवीला तिला कन्नड शाळेत घाला, पुढं नोकरीला बरं पडेल, हे मीच सांगितलं. नुसतं सांगून थांबले नाही — वर्षभर रोज संध्याकाळी आमच्या सोप्यात बसवून तिला कन्नड शिकवलं. पोरगी हुशार. एकदा सांगितलेलं विसरायची नाही.

दहावीला गेली आणि शाळा बुडवायला लागली. सकाळ झाली की पोट दुखतं म्हणायची. मग एक दिवस शाळेतून सुनंदाला बोलावणं आलं. मुलांच्या अडचणी ऐकून घ्यायला तिथं आठवड्यातून एकदा एक समुपदेशक बाई यायच्या, धारवाडकडच्या. त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. नेहमीप्रमाणं मी सोबत गेले. खोलीत आम्ही चौघीच — बाई, सुनंदा, मी आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर खाली मान घालून रेणुका.

इथवर सांगायला सोपं आहे. इथवरचं मी गल्लीत कितीदा तरी सांगितलंय.

बाई हळू, जपून बोलत होत्या. शाळेच्या वाटेवर एक मुलगा हिला अडवतो. ओढणी धरतो, घाणेरडं बोलतो, परवा हात पिरगळला. भीतीनं ती येत नाही, अभ्यासाचा काही संबंध नाही. नाव सांगायला ती तयार नाही. तुमच्याच गल्लीतला आहे, एक हात गळ्यात बांधलेला असतो, एवढंच कळलंय.

आमच्या गल्लीत तेव्हा एकाचाच हात गळ्यात होता. मोटरसायकलवरून पडला होता. रोज सकाळी ती झोळी मीच बांधून द्यायची. माझा प्रमोद.

मी कोणाची आई आहे हे बाईंना कुठं ठाऊक होतं? त्या सांगत राहिल्या. तक्रार गुपित राहील. मुलाच्या घरच्यांना आपण बोलावून घेऊ. परीक्षेपर्यंत हिला मुलींच्या वसतिगृहात जागा मिळवून देते. फक्त शाळा बंद करू नका, आणि तिला रागावू नका.

सुनंदानं माझं मनगट धरलं. "आक्का, बाई काय म्हणत्यात?"

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं — असं म्हणून मी आयुष्यभर दुसऱ्या बायकांना हिणवत आले होते. त्या घटकेला मला भीती तरी कशाची वाटली? पोलिसांची? नवऱ्याची? पोराच्या आयुष्याची? नाही हो. सगळ्यात आधी मनात आलं ते हेच, की आता गल्लीत मला आक्का कोण म्हणेल. पोराचं त्यानंतर आलं. आणि रेणुकाचं — रेणुकाचं आलंच नाही.

मी म्हणाले, "पोरीचं लक्ष न्हाय म्हणत्यात. शाळंला म्हणून निघती आणि भलतीकडंच जाती. घरातनं ध्यान द्या म्हणत्यात."

भलतीकडंच. हे बाईंनी म्हटलेलं नव्हतं. बाईंचं नुसतं गाळून मी थांबले नाही, माझ्या पदरचं घातलं.

सुनंदा उठली आणि तिथंच तिनं पोरीच्या थोबाडीत मारली. बाई ओरडल्या, "मारता कशाला? यात तिचा काय दोष?" सुनंदानं पुन्हा माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "हितं मारू नका म्हणत्यात." मग बाईंकडं वळून कन्नडमध्ये सांगितलं, आईला सगळं समजलंय, घरचे बघून घेतील, वसतिगृह नको म्हणतात.

तेव्हा रेणुकानं मान वर केली. गालावर हात तसाच. दोन्हीकडचा शब्द न् शब्द तिला कळला होता. न कळायला काय, मीच तर शिकवलेलं. मला वाटलं, आता बोलेल. मी तिच्याकडं बघून मान हलवली — एवढीशीच, नको म्हणून.

तिनं मान पुन्हा खाली घातली.

दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद. मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसवली. अठरा पूर्ण व्हायच्या आतच लांबच्या गावी लग्न लावून दिलं, पोरगी हाताबाहेर जायला नको म्हणून. त्या लग्नात मी पंगतीत वाढत होते. प्रमोदला मी त्याच आठवड्यात निपाणीला भावाकडं पाठवून दिलं होतं. त्याला एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. आज तो तिथंच कामाला आहे, आणि आक्कानं पोराला कसं वळण लावलं म्हणून लोक माझंच नाव घेतात.

यंदा उन्हाळ्यात रेणुका माहेरी आली. हाताची हाडं दिसत होती. सोबत लेक, पहिलीत घालायची. सुनंदानं मला हाक मारली, "आक्का, हिला जरा सांगा की, शाळंला काय काय लागतंय."

मी तिच्या उंबऱ्यात बसले आणि सांगायला लागले. जन्माचा दाखला, आधार, लसीचं कार्ड. रेणुकानं सगळं ऐकून घेतलं. मग आईसमोरच माझ्याशी कन्नडमध्ये बोलली. सावकाश, शुद्ध, मी शिकवलं होतं तसंच.

"शाळेत माझं मी बोलेन. त्या दिवसाचं मी आईला कधीच सांगितलं नाही. या गल्लीत तिला तुमच्याशिवाय होतं तरी कोण?"

सुनंदा हसत आळीपाळीनं आमच्या दोघींच्या तोंडाकडं बघत होती. लेकीच्या कन्नडचं तिला कौतुक वाटत असावं.

"काय म्हणती, आक्का?"

रेणुका माझ्याकडं बघत होती. वाट बघत होती.

"जल्माचा दाखला सापडंना झालाय म्हणती," मी म्हणाले. "मी बघते काय त्ये."

रेणुकानं लेकीला कडेवर घेतलं आणि ती आत निघून गेली. सुनंदानं माझ्यासाठी चहा ठेवला.