बाहुल्यांचा मुक्काम

जगाच्या नकाशावर जपान एकच असेल, पण आमच्या गणगोतात दोन आहेत. दुसरा सिंगापुरात, चोआ चू कांग भागात, अकराव्या मजल्यावर आहे आणि तो माझ्या बायकोच्या मावसभावाने एकहाती वसवला आहे. हा गृहस्थ जहाजावर चीफ इंजिनिअर. जपानी मालकांच्या जहाजांवर हयात गेली, तरी खुद्द जपान त्याने पाहिला तो बंदराच्या फाटकापर्यंतच. पुढचा सगळा जहाजावरच्या कॅप्टनकडून ऐकलेला. पण ऐकीव ज्ञानाचा उत्साह काही वेगळाच असतो. रजेवर घरी आला, की बॅग उघडायच्या आधी दोन्ही मुलींना हाक मारायचा, "चला, कात्री आणा." पुस्तकातून संस्कृती शिकवणं त्याला मान्यच नव्हतं. "हाताला चिकटली पाहिजे," असं तो म्हणायचा, आणि डिंकाच्या कृपेने ती हाताला, सोफ्याला आणि एकदा माझ्या पँटलाही चिकटली.

मे महिन्यात जपानी लोक घरावर कापडी मासे फडकवतात, म्हणून त्याने वहिनींच्या दोन परकरांचे मासे करवून घेतले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कपडे वाळत घालायच्या बांबूला लावले. त्यातला एक वाऱ्याने सुटून खाली गेला. आठव्या मजल्यावरची चिनी आंटी तो नीट घडी घालून घेऊन आली. "अंकल, युअर फिश लाह." वहिनी म्हणाल्या, "फिश कसला, नाडी दिसतेय अजून." एकदा पुण्याहून आलेल्या सासऱ्यांना त्याने चहाच्या समारंभाला बसवलं. मुलींनी बांबूच्या रवीने घुसळलेला हिरवा चहा चाखून सासरे म्हणाले, "आलं घालायचं राहिलं का?" हा गंभीरपणे म्हणाला, "यात शांतता घातलीय, नाना." ती शांतता संपेपर्यंत गुडघ्यांवर बसून यजमानाचेच पाय बधिर झाले, आणि मुलींनी काखेत हात घालून त्याला उठवलं.

मार्चमध्ये तिकडे मुलींचा सण असतो. लाल कापडाच्या पायऱ्यांवर राजाराणीच्या बाहुल्या मांडतात, साधारण आपल्या गौरींसारखाच थाट. एका वर्षी बापलेकींनी मिळून त्या केल्या. मसाल्याच्या रिकाम्या बाटल्यांची धडं आणि वहिनींच्या जुन्या पैठणीच्या काठांचे किमोनो. रिवाज असा, की सण झाला की बाहुल्या लगेच आवरायच्या, नाहीतर मुलीचं लग्न लांबतं. आमच्या गृहस्थाने बाकीचे सगळे रिवाज काटेकोर पाळले, हा एक सोडून. मार्च सरला, गणपती आले, दिवाळी झाली. बाहुल्या जागच्या जागी. पुढच्या वर्षीही तेच. वहिनी धूळ झटकून कंटाळल्या. "अहो, आवरा की आता. लग्न लांबतं म्हणता ना?"

"म्हणून तर," तो चष्मा पुसत म्हणाला.

मी हसणार होतो, पण हसू आलं नाही. वर्षातले निम्मे महिने समुद्रावर काढणाऱ्या बापाला मुली पुरतच नाहीत. त्या लवकर मोठ्या होऊन घराबाहेर पडू नयेत, एवढंच त्याचं मागणं होतं, आणि ते त्याने बाटल्यांच्या राजाराणीकडे मागितलं होतं.

गेल्या ऑगस्टमध्ये थोरली, सई, शिकायला नेदरलँड्सला निघाली. आम्ही निरोपाला गेलो, तर हा जमिनीवर बसून बाहुल्या वर्तमानपत्रात गुंडाळत होता. "आता ठेवून काय उपयोग?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "यांच्याने लग्न लांबत असेल. शिक्षण कुठे लांबतं?"

सईने बॅग दाराशी ठेवली, त्याच्याजवळ येऊन बसली, कागदातली राणी सोडवली आणि पुन्हा वरच्या पायरीवर ठेवली. "राहू दे ना, बाबा. आय'म नॉट इन अ हरी लाह."

आमचा जपानचा जाणकार हातातला कागद सरळ करत बसला. मी टॅक्सी बघायच्या निमित्ताने खिडकीत गेलो.

बाहुल्या अजून तिथेच आहेत. धाकटी आता कॉलेजात जाते. तो रजेवर असला की धूळ स्वतः झटकतो, नसला की वहिनी झटकतात, आणि आवरा असं त्या आता म्हणत नाहीत.