नाथाचे तीन ठोके

गोडदेवात आमच्या आळीत रेडिओ एकच, तोही आमचा. त्यामुळे आमच्या वडिलांचा, शिवदासांचा, तोरा काही औरच होता. १९६८ साली एका रविवारी सकाळी त्या रेडिओपुढे अख्खी आळी जमली, कारण त्यातून आमचा नाथा वाजणार होता.

नाथा मिठागरात राबायचा आणि लग्नसराईत बँडमध्ये झांज वाजवायचा. बँडमधल्याच ओळखीने तो मुंबईला रेडिओच्या वाद्यवृंदात एकदा वाजवून आला. चाळीस वादक, वीस मिनिटांची रचना, आणि नाथाच्या वाट्याला दोरीला टांगलेला लोखंडी त्रिकोण. त्यावर सळईने तीन ठोके, बास. पण ते ठोके बापाने ऐकावेत, एवढं एकच त्याच्या मनात होतं. बाप धर्माजी जन्मभर मीठ ओढलेला. "लोखंडच हातात धरायचं तर पहार धर," असं तो त्रिकोणाचं कळल्यापासून पोराला सुनवायचा.

ध्वनिमुद्रण आधीच झाल्यामुळे नाथाही आमच्यातच बसला होता. व्हायोलिनं सुरू झाली.

"एवढी मानसं वाजवतात, नि कोनी गात कसा न्हाय?" शेजारची सरूबाई म्हणाली.

आता आपला ठोका, म्हणून नाथाने बोट वर केलं. आमच्याकडे वरातीत घरचा माणूस वाजवायला लागला, की त्याला चेव यावा म्हणून नावाने हाक घालतात. सगळ्यांनी एका दमात घातली, "नाथा रे!" पहिला ठोका त्यात बुडाला.

दुसऱ्या वेळी सगळे शहाण्यासारखे गप्प होते. पण नाथाची बायको मंजुळा तबक घेऊन उठली आणि रेडिओला ओवाळू लागली. हातभर बांगड्या किणकिणल्या. "काय गोड वाजवतो," म्हणत लोकांनी टाळ्या दिल्या. नाथाने कपाळाला हात लावला. मला तर सगळ्यांना घराबाहेर काढावंसं वाटलं.

तिसरा ठोका अगदी शेवटी, सगळी वाद्यं थांबल्यावर. नाथाने आधीच हात जोडले. मंजुळेने बांगड्या पदरात गुंडाळल्या. वाद्यं थांबली, आणि धर्माजीला ठसका लागला. निवेदिका बोलायला लागली तरी तो खोकतच होता.

लोक खूश होऊन घरी गेले. नाथा मात्र बराच वेळ चपला शोधत राहिला, त्या पायातच होत्या. म्हाताऱ्याने ते पाहिलं.

पुढचं मंजुळेने सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती भाकरी घेऊन मिठागरावर गेली, तर झोपडीच्या आढ्याला पहार टांगलेली. धर्माजीने नाथापुढे सळई धरली, "वाजव," म्हणाला आणि पंच्याचा बोळा तोंडावर दाबून बसला.

नाथा कामात चोख. रेडिओवर होतं तेवढंच अंतर ठेवून, ओठांत मात्रा मोजत त्याने ठोके दिले. वीस मिनिटं म्हातारा लालबुंद होऊन, डोळ्यांतून पाणी काढत बसला, पण पंचा हलवला नाही. तिसरा ठोका झाला, त्याचा नाद पार विरला. मग त्याने पंचा काढला, "नाथा रे," अशी हाक घातली आणि पोटभर खोकून घेतलं.