शेवटच्या घासाची गोष्ट

माझ्या नणंदेला अख्खी गल्ली घासआत्या म्हणते. नाव पोरांनी ठेवलंय आणि ते खोटं नाही. बिस्किटांचा कारखाना बंद पडून तिची पॅकिंगची नोकरी गेली, तेव्हा लोक म्हणाले, एकटी बाई, आता भावाच्या गळ्यात पडणार. पडली नाही. पुढच्या खोलीत चटया अंथरल्या, दाराला खालून आडवी फळी ठोकली आणि पाळणाघर सुरू केलं. मी तिची धाकटी भावजय, तिला ताई म्हणते. भात मी शिजवते, पोरं ती जेववते.

जेववायची तिची रीतच वेगळी. एक घास, एक वाक्य. घास गिळला की गोष्ट पुढे सरकते, गालात धरून ठेवला की गोष्टही तिथेच बसते. आणि शेवट फक्त शेवटच्या घासाला. त्यात ती कुणाचे लाड करत नाही.

पोरांना एकच गोष्ट हवी असते. एका घरात मांजर, कासव आणि पोपट असतात. मांजर रिकाम्या भांड्याशी ओरडते, घरचे म्हणतात, "आत्ता नको." की मांजर वीतभर वाढते. कासवाच्या घमेल्यातलं पाणी आटतं. "आत्ता नको." कासव एवढं फुगतं की पलंग त्याच्या पाठीवर उचलला जातो. पोपट छपराला टेकतो आणि घरच्यांच्याच आवाजात सगळ्यांना सांगत सुटतो, "आत्ता नको, आत्ता नको!" घरचे आतल्या खोलीत कडी लावून बसतात. मग मांजर बाहेरून दार चाटायला लागते. जीभ कानशीसारखी, दार पातळ होत चाललेलं. इथे ताई चटईवर नखं ओढते. खर्रर्र. पोरांचे घास आपोआप खाली उतरतात.

शेवटी घरातली सगळ्यात धाकटी मुलगी कडी काढते आणि आपल्या पेल्यातलं पाणी भांड्यात ओतते. मांजर पिते, पिते आणि लहान होत होत तिच्या मांडीत मावते.

"अहो ताई, जेवताना देवाचं नाव घ्यावं की राक्षसांचं?" मी एकदा विचारलं होतं.

"देव शेवटच्या घासाला येतो, वहिनी," ती म्हणाली. "तोवर धीर धर."

यंदा आमच्याकडे एक पिटुकली आली. जेमतेम चार वर्षांची. तिला पोहण्याच्या क्लासला न्यायला तिचे बाबा भर जेवणात यायचे. ताट अर्धं, पोरगी दाराशी. "दोन घास राहिलेत," ताई म्हणायची. "राहू दे, राहू दे," ते म्हणायचे, की निघाले.

मग एके संध्याकाळी तिची आई आली. बाकीचे पालकही पोरं न्यायला उभे होते, त्यांच्यादेखत तिने तोंड सोडलं.

"पोरं सांभाळायला ठेवतो तुमच्याकडे की घाबरवायला? घरी कुत्रा आहे आमचा, कापूस नावाचा. त्याला बघितलं की किंचाळते! म्हणते, कापूस वाढला, कापूस दार चाटतो. शेवटी एका गोदामवाल्याला सांगून टाकलं, रविवारी राखणीला घेऊन जा म्हणून. तुमच्यामुळे मुक्या जनावराला घराबाहेर काढायची वेळ आली आमच्यावर!"

तुमच्यामुळे! माझ्या हातात पातेलं होतं, ते आपटायचं तेवढं बाकी राहिलं.

एका चष्मेवाल्या बाबांनीही री ओढली. "गोष्टी कशा, आनंदी हव्यात. आमचा तर मोबाइलवर बघत जेवतो."

"गिळतो का पण?" ताईने विचारलं. मग ती पिटुकलीच्या आईकडे वळली. "तिने गोष्टीचा शेवट ऐकलाय का हो?"

"शेवट कसला? तिचे बाबा नेतात ना तिला क्लासला."

ताईचा चेहराच उतरला. सगळे गेल्यावर म्हणाली, "वहिनी, अर्धीच गोष्ट घरी गेली गं पोरीबरोबर. मांजर दारातच राहिली."

"मग त्यात तुमचा काय दोष?"

"गोष्ट माझी आहे. निस्तरायलाही मीच हवी."

रविवारी सकाळी डब्यात मूठभर भात घेऊन आम्ही त्यांच्या दारात उभ्या राहिलो. पिटुकलीच्या बाबांनी आम्हाला आत घेतलं, पण कपाळाला आठ्या घालूनच. भिंतीवर एक फोटो होता, पिटुकलीच्या मांडीवर पांढरं पिल्लू. खरोखरच कापसाचा बोळा. खरा कापूस गॅलरीत होता. ग्रिलला बांधलेला, साखळी एवढी आखूड की धड आडवंही होता येऊ नये. केसांच्या जटा झालेल्या. भांडं कोरडं ठाक, त्यात मुंग्या मरून पडलेल्या. वरच्या कूलरचं पाणी गॅलरीच्या दारावरून ओघळत होतं आणि तो ते दार चाटत होता. चाटून चाटून खालचा रंग उडाला होता.

पोरगी खोटं कुठे बोलत होती? तो वाढलाही होता आणि दारही चाटत होता. मनात म्हटलं, देवा, हे बघतोयस ना?

"याला पाणी कोण घालतं?" मी विचारलं.

"कामवाली," तिचे बाबा म्हणाले.

"ती गावाला गेलीय," आई म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही..."

"ते आत्ता नको," ते खेकसले.

आतल्या खोलीतून किंकाळी आली. "बाबा, तसं नका म्हणू! तो वाढेल!"

ताई तेवढ्यात त्या खोलीच्या दारात फतकल मारून बसली आणि तिने डबा उघडला.

"पिटुकले, तुझे दोन घास राहिलेत माझ्याकडे. गोष्टही तेवढीच राहिलीय."

पोरीने पहिला घास घेतला, डोळे गॅलरीकडे. धाकटीने कडी काढली. दुसरा घास. धाकटीने पेला उचलला. पुढचं ताईला सांगावंच लागलं नाही. पिटुकलीने खुंटीवरची आपली पोहण्याच्या क्लासची बाटली ओढून काढली, ताईच्या पदराआड लपत लपत गॅलरीपर्यंत गेली आणि हात लांब करून भांड्यात पाणी ओतलं. कापूस मुंग्यांसकट प्यायला. तळ चाटला. मग हनुवटी जमिनीला टेकून तिच्याकडे बघत राहिला.

"आत्या," पिटुकली हळूच म्हणाली, "लहान झाला."

तेवढ्यात बेल वाजली. गोदामवाला दोरी घेऊनच आला होता. पिटुकली त्याच्या आडवी उभी राहिली. "आता तो लहान आहे. लहानांना नाही न्यायचं."

गोदामवाला कापसाकडे बघून हसला. "काय साहेब, राखणीला देणार होतात ना? हा तर शेपूट हलवतोय!"

बाबांनी लेकीकडे पाहिलं, भांड्याकडे पाहिलं. "राहू दे," ते म्हणाले.

तेच शब्द, पण या वेळी पहिल्यांदा मला गोड लागले.

एवढं होऊनही ताईला कुणी एका शब्दाने बरं म्हटलं असेल तर शपथ. उलट निघताना आई म्हणते कशी, "पण आत्या, ती गोष्ट जरा सौम्य करा हं."

माझं तोंड उघडलंच होतं. ताईने माझा हात दाबला.

"गोष्ट आहे तशीच राहील," ती म्हणाली. "ताट संपल्याशिवाय पोरीला उठवायचं नाही. क्लासला उशीर झाला तर होऊ दे."

"आणि ती साखळी सोडा," मी म्हणाले. "आत्ता."