नव्या चेंडूची चमक

बेसबॉलमध्ये नव्या चेंडूची चमक सामन्याआधी मुद्दाम घालवतात. ओली माती चोळून तो मळवायचा, म्हणजे टाकणाऱ्याच्या बोटांतून निसटत नाही आणि समोरच्याच्या डोक्यात बसत नाही. इथे परदेशात, आमच्या ओंगार उपनगरातल्या मुलामुलींच्या संघात हे काम पालकांकडे पाळीपाळीने येतं. त्या रविवारी पाळी माझी होती, आणि नेमके बाबा नागपूरहून आलेले होते.

बाबा जन्माचे गोलंदाज. निवृत्त होईपर्यंत ऑफिसच्या संघात खेळले. चेंडू हातात आला की तो आपोआप त्यांच्या पँटवर घासला जातो. शनिवारी मी मागच्या दारात बसून चेंडूंना माती लावत होते, ते पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

"काहून वं, नव्या चेंडूले कोनी माती फासते का?"

"बाबा, इथे तसा नियमच आहे."

"कायचा नियम! इथं पोट्टी रडून रायली."

ते मात्र खरं होतं. माझी तेरा वर्षांची लेक हट्टाने या खेळात गेली आणि अख्ख्या मोसमात तिच्या बॅटला एकदाही चेंडू लागला नाही. चेंडू जवळ आला की ती डोळेच मिटायची. रविवारी शेवटचं खेळायचं आणि संघाचा शर्ट परत करायचा, असं तिने ठरवलं होतं. "आय'म ग्रँड, आई," म्हणाली. या देशात ग्रँड म्हणजे नुसतं 'ठीक'; ज्याचं काही धड नसतं तोही ग्रँडच असतो.

तो आठवडाभर बाबा तिला संध्याकाळी मागच्या अंगणात नेत होते. सरावाच्या जुन्या चेंडूची एक बाजू खोबरेल लावून चकचकीत करायची, दुसरी खरखरीत ठेवायची आणि कोपर न वाकवता, हात फिरवून फुलटॉस टाकायचा. चेंडू सरळ येता येता ऐनवेळी वाकडा व्हायचा. ती चुकायची, चिडायची. "मारू नको. चमकनारी बाजू कुठं हाये तेवढं सांग," बाबा म्हणायचे. मग ती "लेफ्ट!", "राइट!" ओरडत बसायची. पोरीचा उरलासुरला धीरही हे घालवणार, म्हणून मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते.

रविवारी मैदानावर पंचांनी माझ्या हातून चेंडूंची पिशवी घेतली. एक चेंडू फिरवून पाहिला, दुसरा पाहिला, मग नाकाशी नेला. खोबरेलाचा वास माझ्यापर्यंत आला आणि मला सगळं कळलं. सकाळी मी आंघोळीला गेले तेवढ्यात बाबांनी माझी माती पुसून प्रत्येक चेंडूची एक बाजू चमकवली होती.

एक बाजू चमकवण्याला क्रिकेटमध्ये चेंडूची निगा म्हणतात, बेसबॉलमध्ये लबाडी. असा चेंडू कुठे वळेल याचा नेम नसतो, मारणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. समोरचे पालक कुजबुजायला लागले. आमच्याकडून चेंडू टाकणारी मुलगी रडवेली झाली. तेव्हा बाबा खुर्चीवरून उठले आणि ताठ मानेने पंचांपुढे गेले.

"सर, आय पॉलिश्ड. बट ओन्ली वन साइड, सर."

एकच बाजू! घर फोडलं पण एकच खोली, असं चोराने सांगावं तसं. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. पंचांनी आमचे चेंडू बाद केले, प्रशिक्षकांना ताकीद दिली, आणि समोरच्या संघाच्या चेंडूंनी सामना सुरू झाला. मी बाबांना गाडीत जाऊन बसायला सांगितलं. ते हलले नाहीत.

लेकीची पाळी आली. पहिला चेंडू हुकला, पण तिचे डोळे उघडे होते. दुसऱ्याला तिचे ओठ हलले. ती चमकणारी बाजू शोधत होती, आणि या चेंडूला तशी बाजूच नव्हती. मळका, साधा, सरळ चेंडू येत होता. तिने बॅट फिरवली आणि टक् असा आवाज झाला.

चेंडू जमिनीवरून थेट एका खेळाडूकडे गेला, त्याने तो ती धावत पोचण्याआधी पहिल्या तळावर फेकला आणि ती बाद झाली. तरी हसत हसत परत आली. बाबा टाळ्या वाजवत होते आणि मी चारचौघांत रडत होते.

परतताना बाद चेंडूंची पिशवी आमच्याच गाडीत होती. शर्ट दिलास का, मी विचारलं. ती बाबांकडे वळली. "आजोबा, दोज बॉल्स आर नो गुड टु एनीवन नाउ, राइट?"

"चोरीचा माल हाये तो," बाबा म्हणाले.

"ग्रँड सो. टुमॉरो ॲट फाइव्ह, बॅक गार्डन."

घरी आल्यावर मळलेला शर्ट तिने स्वतःच मशीनमध्ये टाकला. सकाळी निघताना गडबडीत बाबांनी खोबरेलाची बाटली ओट्यावरच टाकली होती. मी ती उचलली, झाकण घट्ट केलं आणि मागच्या दाराशी, चेंडूंच्या पिशवीजवळ नेऊन ठेवली.