भुताबाईचा दुसरा भाग

आमची हडळ भर उन्हात, दुपारी निघायची. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात आणि मैदानात दंडारीचा, म्हणजे सोंगा-गाण्यांच्या नाटकाचा, खेळ होतो. बत्त्या भाड्याने आणणं परवडत नव्हतं, म्हणून भुताचा खेळही दिवसाच. हडळ व्हायचा कारध्याकडचा एक मासे धरणारा गडी. सगळे त्याला भुताबाई म्हणत. केसांना अंबाडीचे तंतू, तोंडाला तांदळाचं पीठ, पडदा म्हणून फाटकं जाळं. मी जाळ्यामागे बसून वाक्यं सांगायचो.

पहिल्या भागात त्याने मिशी काढली नव्हती. "बाप जित्ता हाये, मोछ कायले काढू?" म्हणायचा. ऐन वेळी पदर सरकला आणि हडळीची मिशी पाहून मंडई पोट धरून हसली.

पुढच्या उन्हाळ्यात मोहाडीकडे दिलेली त्याची थोरली बहीण विहिरीत सापडली. नवऱ्याने सांगितलं, घसरून पडली. पोलिसांच्या कागदावरही तेच आलं. भुताबाईने प्रेत जवळून पाहिलं होतं. "मानेवर बोटं होती, बापू. विहिरीले बोटं असतेत काय?" एवढंच तो बोलायचा. मिशी त्याने तेव्हा काढली ती कायमची.

मंडई जवळ आली तसा तो म्हणाला, "दुसरा भाग लावू."

आमचा पेटीवाला हसला. "पहिल्यातच तुहं भूत हसण्यावारी गेलं. आता काहून?"

"भाऊजी आपल्या मंडईत पोरगी पाहाले येऊन राहिला. त्याले दुसरी बायको भेटू देणार नाही मी."

मग कोणी हसलं नाही.

खर्च पहिल्या भागापेक्षाही कमी झाला. नवं म्हणजे फक्त एक हिरवं लुगडं, तेही बहिणीचं. मी सांगितलेलं एकही वाक्य त्याने घेतलं नाही. तो सरळ लोकांत शिरला. भाऊजी मुलीच्या बापाशेजारी पान खात बसले होते. त्यांच्यापुढे उकिडवा बसून हळूच म्हणाला, "धनी, विहिरीचं पाणी बहुत थंडं हाये. एकटीले करमत नाही. चला."

भाऊजी "मी नाही ढकललं" म्हणत चपला तिथेच टाकून पळाले. ढकलल्याचं तर कोणी नावही काढलं नव्हतं. मुलीच्या बापाने सोयरीक मोडून तेव्हाच बैल जुंपले.

त्यानंतर त्या खेळाला पार लाखनीपर्यंत बोलावणी आली. असं भूत पाहिलं नाही, असं लोक म्हणत. कुठे जायचं ते मात्र भुताबाई ठरवायचा. चांगली बिदागी सोडून तो आडगाव का निवडतो, हे मला हिशेबाच्या माणसाला उमगत नव्हतं. मग कळलं. भाऊजी ज्या गावात पोरगी पाहायला जाणार, तिथे आमचा खेळ आधी लागायचा.

"बस झालं ना भाऊ आता," मी एकदा म्हटलं.

"तो जित्ता हाये तवर नाही."

भाऊजींना कोणीच मुलगी दिली नाही. पुढे ते एकटेच वारले. निरोप आला तेव्हा भुताबाई तलावाच्या पाळीवर जाळं सांधत होता. मंडई तोंडावर आली होती. यंदा खेळ कुठे लावायचा, मी विचारलं.

त्याने जाळ्याची गाठ आवळली.

"आता कोणापुढं लावू, बापू?"