काउंटीची कचेरी पळवल्याची गोष्ट

चंदीगडला बदलीवर आलेल्या मराठी माणसाला एक वाईट सवय लागते. समोरच्याला आपली भाषा कळत नाही, या भरवशावर तो त्याच्या तोंडावर वाटेल ते बोलतो. सेक्टर बावीसमधल्या दुकानात स्वेटर हातात धरून मी नवऱ्याला खुशाल सांगते, हा लुटतोय, पुढे चला. आणि दुकानदार 'पक्का माल है जी' म्हणत हसत असतो. मी मूळची साताऱ्याची, जीभ आधीच तिखट. इतक्या वर्षांत कुणी पकडलं नाही, त्यामुळे ती आणखी सोकावली.

गेल्या संक्रांतीला या जिभेनं एका म्हातारीला दुखवलं. तेव्हापासून मला स्वतःचीच लाज वाटते.

माझी लेक अमेरिकेत एका आडबाजूच्या काउंटीत राहते. काउंटी म्हणजे आपला जिल्हा, पण तिथली सगळी माणसं इथल्या मनीमाजरा वस्तीच्या चार गल्ल्यांत मावतील. नजर पोचेल तिथवर मका, धान्याच्या उंच कोठ्या आणि मधोमध जिल्हा कचेरीचं गाव. समोरून गाडी आली की ओळख असो नसो, चालवणारा स्टिअरिंगवरून एक बोट उचलून रामराम करणार. लेकीच्या बाळंतपणाला मी तिथं राहिले, तेव्हा शेजारच्या म्हातारीनं आम्हाला जीव लावला. एकटीच राहायची. लेक कामावर जाऊ लागली तसा नातू तिच्याच मांडीवर वाढला. त्या मुलखात लेकीला दुसरं आपलं माणूस नाही.

काउंटीचा सगळा इतिहास तिला तोंडपाठ. मूळच्या लोकांना हाकलून ही जमीन वाटली गेली, हे ती आवाज खाली आणून सांगायची. मग रेल्वे आली आणि कचेरी कुणाच्या गावात असावी यावरून दोन गावं भांडायला लागली. कचेरी तेव्हा पलीकडच्या गावात होती. एका हिवाळ्यात तिच्या पणजोबांनी चार गडी आणि खेचरांची गाडी घेऊन ती चक्क पळवून आणली. दप्तर, टेबलं, शेगडी, सगळं. कचेरी गेली तसं ते गाव ओस पडत गेलं. आज तिथं एक चर्च आणि दोनतीन घरं उरलीत. त्या गावात पणजोबांची सख्खी बहीण दिली होती. ती मरेपर्यंत भावाशी बोलली नाही. म्हातारीनं मला त्या बहिणीच्या थडग्यापाशी नेऊन हे सांगितलं होतं, आणि सांगताना माझा हात धरला होता.

गेल्या हिवाळ्यात लेकीबरोबर म्हातारी आमच्याकडे आली. जन्मात पहिल्यांदा विमानात बसली ती आमच्यासाठी. संक्रांतीला आमच्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं, तिथं तिलाही नेलं. लेक नातवाला घेऊन घरी थांबली. बायकांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, की तुम्ही छान सांगता, त्या अमेरिकेच्या गमती सांगाच. मी उठले. उचलली जीभ लावली टाळ्याला.

बोट उचलून रामराम करणारे सांगितले, हशा झाला. पणजोबा शेगडीसकट कचेरी पळवतात, तेव्हा बायका हसून हसून डोळे पुसू लागल्या. मला चेव चढला. म्हटलं, "भावानं कचेरी नेली, बहिणीनं भाऊबीज बंद केली. आणि ही म्हातारी अजून तिच्या थडग्यावर फुलं वाहते, न जाणो, बहीणबाई भूत होऊन कचेरी परत न्यायला आली तर."

हॉल हसून गदगदला. तेवढ्यात माझं लक्ष म्हातारीकडे गेलं. तिच्या शेजारी एका कर्नलसाहेबांची पत्नी बसली होती. पाहुणीला एकटं वाटू नये म्हणून ती माउली पहिल्यापासून माझं वाक्य न् वाक्य तिच्या कानात इंग्रजीत सांगत होती. त्या वेळी जरा जास्तच वेळ लागला. भाऊबीज म्हणजे काय, हे समजावत असावी. म्हातारी मान हलवत ऐकत होती. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून तिनंही वाजवल्या.

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तिथल्या तिथं गप्प व्हायला हवं होतं. पण बायका ऐकत होत्या, हसत होत्या, आणि मी धान्याच्या कोठ्यांवर आणखी एक विनोद करूनच खाली बसले. याची मला सर्वांत जास्त लाज वाटते.

घरी येईपर्यंत ती गाडीत धुक्याबद्दल बोलत राहिली. लेकीला यातलं काही कळू नये, म्हातारी पुन्हा आमच्या दारात परकी होऊ नये, एवढंच माझ्या मनात चाललं होतं. चहा ठेवला. ती स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर बसली आणि शांतपणे म्हणाली, "तू गोष्ट फार छान सांगतेस. आता मला सांग. मला कळेल अशा भाषेत."

मी सुरू केलं. रेल्वे सांगितली, दोन गावं सांगितली, खेचरांची गाडी सांगितली. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. बहिणीपर्यंत आले आणि थांबले. शब्द येत नव्हते असं नाही. तिच्यासमोर ते तोंडातून निघेनात. मी सॉरी म्हणाले, तेही अर्धवट.

तिनं उठून चहाखालचा गॅस बंद केला. मग म्हणाली, "तिला मूलबाळ नव्हतं. माझ्यानंतर तिच्या थडग्याकडे जाणारं कुणी नाही. म्हणून तुला दाखवून ठेवलं होतं."